टाकी अर्ध्या किमतीत, पण माडीचं काय?

प्रश्न: मित्राकडची ५ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच माशांची टाकी स्टँड आणि फिल्टरसकट अर्ध्या किमतीत मिळते आहे. घर जुनं, स्वतःचं. टाकी माडीवरच्या माझ्या खोलीत ठेवायची आहे. तिथली जमीन लाकडी, खाली आईवडिलांची खोली. आपत्कालीन निधीतून पैसे काढू का?

उत्तर: नको. निधीला हात लावू नका आणि मित्राला होकारही इतक्यात कळवू नका.

आधी वजनाचा हिशेब करू, कारण खर्च तिथूनच सुरू होतो. टाकीत काठोकाठ ५६५ लिटर पाणी मावतं. थोडी रिकामी ठेवली तरी ५२० लिटर, म्हणजे ५२० किलो. १२ मिलिमीटर काच असेल तर तिचे शंभरेक किलो. त्यावर वाळू, दगड, स्टँड. एकूण ७५० किलोंच्या आसपास, तेही एका चौरस मीटरपेक्षा कमी जागेत आणि रात्रंदिवस. राहत्या खोल्यांची जमीन साधारणपणे चौरस मीटरला २०० किलोंच्या हिशेबाने बांधतात. टाकीचा भार त्याच्या जवळपास चौपट आहे, तरी माडी लगेच कोसळेल असं नाही. भार किती तुळयांवर वाटला जातो यावर सगळं आहे. टाकी भार पेलणाऱ्या भिंतीलगत, तुळयांना आडवी ठेवली तर तो जास्त तुळयांत वाटला जातो. पण लाकूड सततच्या वजनाखाली वर्षानुवर्षं हळूहळू वाकत जातं, आणि जुन्या तुळईला आतून वाळवी किंवा ओल लागली असेल तर वरून कळत नाही. टाकी एका बाजूला कलली की काचेच्या जोडांवर ताण येतो.

त्यामुळे पहिला खर्च स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या तपासणीचा. त्याने तुळयांना आधार द्यायला सांगितलं, तर ती रक्कम टाकीच्या किमतीत मिळवा आणि मग बघा, अर्धी किंमत अर्धी राहते का. मला वाटतं, राहणार नाही.

घराचा विमा असेल तर पॉलिसी काढून वाचा. टाकी अचानक फुटून झालेलं नुकसान काही पॉलिसींत धरतात. हळूहळू झिरपलेल्या पाण्याने कुजलेली तुळई सहसा धरत नाहीत. विजेचंही बघा: ३० वॅटचा फिल्टर चोवीस तास आणि ३०० वॅटचा हीटर दिवसाला ८ तास चालला, तर रोज ३ युनिटं, वर्षाला हजाराच्या वर युनिटं.

हौस सोडा असं मी म्हणत नाही. तळमजल्यावर पक्क्या जमिनीची जागा निघत असेल तर हीच टाकी घ्या, पण चार-सहा महिने वेगळे पैसे साठवून. माडीवरच हवी असेल तर ३ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी बघा. तिच्यात १९० लिटर पाणी मावतं. तीही इंजिनिअरला विचारूनच ठेवा, कारण खाली आईवडील झोपतात.