मेलेला तारा पुन्हा पुन्हा कसा कडाडतो?

प्रश्न : गॅमा किरणांचा स्फोट म्हणजे ताऱ्याचा शेवट, असे वाचनात आले होते. मग एकाच स्रोताकडून येणारे असे स्फोट उपग्रह वारंवार कसे टिपतात? आणि ते एकाच ठिकाणाहून आले, हे कशावरून ठरते?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. दूरच्या दीर्घिकांमधून येणाऱ्या नेहमीच्या गॅमा किरण स्फोटांत एखादा प्रचंड तारा कोसळलेला असतो किंवा दोन न्यूट्रॉन तारे (मोठ्या ताऱ्यांच्या स्फोटानंतर उरणारे अतिशय घट्ट गाभे) एकमेकांत विलीन झालेले असतात. जे काही असते ते त्या एका घटनेतच संपते. म्हणूनच एखादा स्रोत दुसऱ्यांदा कडाडला, तर तो पहिल्या स्फोटातून शाबूत राहिला आहे, एवढे तरी नक्की समजते. पुढचे सारे संशोधन या साध्या मुद्द्यावर उभे राहिले.

५ मार्च १९७९ रोजी सोव्हिएत संघाची व्हेनेरा ११ आणि व्हेनेरा १२ ही याने, शुक्राकडची मोहीम उरकून, सूर्याभोवती फिरत होती. त्यांच्यावरील गॅमा किरण मोजणाऱ्या उपकरणांत एरवी सेकंदाला शंभरेक नोंदी होत. त्या दिवशी मिलिसेकंदाच्याही एका अंशात हा वेग दोन लाखांच्या वर गेला. अकरा सेकंदांनी सूर्याचा अभ्यास करणाऱ्या हेलिओस २ या यानाला तोच तडाखा बसला, मग शुक्राभोवतीच्या पायोनियरला आणि त्यानंतर पृथ्वीभोवतीच्या व्हेला उपग्रहांना. (कोणी चोरून अणुचाचण्या करत नाही ना, यावर पाळत ठेवण्यासाठी अमेरिकेने सोडलेले हे उपग्रह, १९६७ साली गॅमा किरणांचा पहिला स्फोटही त्यांनीच, ध्यानीमनी नसताना, टिपला होता.)

गॅमा किरण साध्या भिंगाने किंवा आरशाने एका बिंदूवर आणता येत नाहीत. त्यामुळे अशा उपकरणाला ते केव्हा आले हे अचूक कळते, कोठून आले हे मात्र ढोबळमानानेच. विहीर खोदताना उडवलेल्या सुरुंगाचा आवाज जवळच्या वाडीत आधी आणि लांबच्या वाडीत नंतर पोहोचतो, आणि दोन्हीकडच्या घड्याळांतला फरक ठाऊक असला की बार कोणत्या अंगाला झाला याचा अंदाज बांधता येतो. येथेही तसेच करतात. प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो, त्यामुळे कोट्यवधी किलोमीटर अंतरावरच्या यानांच्या नोंदींत काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत फरक पडतो. दोन यानांवरून आकाशात एक वर्तुळ मिळते, तिसरे यान ते छेदते आणि आणखी याने असली की इवलासा ठिपका उरतो. तो ठिपका सुमारे १ लाख ६५ हजार प्रकाशवर्षांवरच्या मॅजेलनच्या मोठ्या मेघात, म्हणजे आपल्या आकाशगंगेशेजारच्या छोट्या दीर्घिकेत, एन ४९ या अतिनवताऱ्याच्या (स्फोट होऊन मेलेल्या ताऱ्याच्या) अवशेषावर पडला. तिथला तारा तर केव्हाच मेलेला होता!

पहिला झटका जेमतेम ०.२ सेकंदांचा होता. पण त्यामागून आलेले मंद किरण दर ८ सेकंदांनी कमीजास्त होत सुमारे तीन मिनिटे येत राहिले. दीपगृहाच्या झोतासारखी ही उघडझाप म्हणजे स्वतःभोवती फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याची खूण. साडेचौदा तासांनी त्याच जागेवरून दुसरा, खूपच दुबळा स्फोट आला आणि पुढच्या काही वर्षांत आणखी अनेक आले. धनू राशीतल्या दुसऱ्या एका स्रोताच्या जुन्या नोंदी चाळल्यावर तर शंभराहून अधिक स्फोट सापडले.

याचे स्पष्टीकरण खगोलशास्त्रज्ञ रॉबर्ट डंकन आणि ख्रिस्तोफर थॉम्पसन यांनी १९९२ साली मांडले. काही न्यूट्रॉन ताऱ्यांचे चुंबकीय क्षेत्र इतके तीव्र असते की त्याच्या ताणाने ताऱ्याचे कठीण कवच तडकते आणि साठलेली ऊर्जा गॅमा किरणांच्या रूपाने उसळते. अशा ताऱ्याला मॅग्नेटार म्हणतात. क्रिसा कुवेलिओटू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली त्याचा पुरावा दिला. धनू राशीतला तो स्रोत ७.४७ सेकंदांत एक फेरी घेतो आणि हा काळ वर्षाला सुमारे अडीच मिलिसेकंदांनी वाढतो, असे त्यांना आढळले. चुंबकीय क्षेत्र ताऱ्याला जणू ब्रेक लावत असते; त्यावरून हे क्षेत्र सुमारे ८०० लाख कोटी गॉस (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) भरले. पृथ्वीचे क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास आहे. अडीच मिलिसेकंदांवरून एवढे मोठे अनुमान काढणे मला तरी त्या स्फोटांहून अधिक थक्क करणारे वाटते.

प्रश्न : अशा स्फोटाचा पृथ्वीला धोका आहे का?

उत्तर : आतापर्यंत नाही. धनू राशीतल्या त्याच ताऱ्याचा २७ डिसेंबर २००४ चा महास्फोट, त्या वेळी धरलेल्या अंतराप्रमाणे, सूर्य लाखभर वर्षांत टाकतो तेवढी ऊर्जा ०.२ सेकंदांत टाकून गेला. अनेक उपग्रहांची उपकरणे त्या क्षणी मोजणी करण्यापलीकडे भरून गेली आणि पृथ्वीचे आयनांबर (वातावरणाचा वरचा, विद्युतभारित थर) काही काळ ढवळून निघाले, तरी जमिनीवर कोणाला काही जाणवले नाही. रशियाचा कोरोनास-एफ उपग्रह नेमका पृथ्वीच्या आडोशाला होता. त्याने चंद्रावरून परतलेला प्रतिध्वनी नोंदवला.

प्रश्न : २ जुलै २०२५ रोजी नासाच्या फर्मी या अवकाशातल्या गॅमा किरण दुर्बिणीने एकाच स्रोताचे तीन स्फोट टिपले. तोही मॅग्नेटारच का?

उत्तर : तसे दिसत नाही. मॅग्नेटारचे छोटे स्फोट अब्जावधी प्रकाशवर्षांवरून दिसण्याइतके प्रखर नसतात, आणि हा स्रोत आकाशगंगेच्या बाहेर, फार दूरच्या दीर्घिकेत असल्याचे नंतरच्या निरीक्षणांत आढळले. शिवाय हे तिन्ही झटके काही तासांच्या अवधीत आले आणि चीनच्या आइनस्टाइन प्रोब उपग्रहाला आदल्याच दिवशी तेथून क्ष-किरण मिळाले होते. त्यामुळे हे तीन स्वतंत्र स्फोट नसून एकाच लांबलेल्या घटनेचे उमाळे असावेत, असा अंदाज आहे. कृष्णविवराने एखादा तारा फाडून गिळला असावा, किंवा ताऱ्याच्या पोटात शिरून त्याला आतून खाल्ले असावे, असे दोन्ही पर्याय मांडले गेले आहेत. त्या जागेवरून पुन्हा स्फोट आला, तर मात्र या दोन्ही पर्यायांचा फेरविचार करावा लागेल.