डीम्डची सीट सोडायची आहे, पण मूळ कागद तिकडे अडकले

प्रश्न: मुलीला बीडीएससाठी (दंतवैद्यक पदवी) एमसीसीच्या, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीच्या, पहिल्या फेरीत राज्याबाहेरच्या एका डीम्ड (अभिमत) विद्यापीठात सीट मिळाली. पुढे काही मिळेल की नाही या धास्तीने लगेच प्रवेश घेतला. पहिल्या वर्षाची फी भरली, 'मध्येच सोडल्यास उरलेल्या वर्षांची फी देऊ' असं स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं, पुढच्या तारखांचे तीन चेकही दिले. आता राज्याच्या कॅपमध्ये (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत) ओबीसीतून हिंगणा रोडवरच्या खासगी कॉलेजात नंबर लागलाय. डीम्डवाले म्हणतात, आधी पैसे, मग कागद. घरचं उत्पन्न सहा लाखांच्या आत. काय करावं?
– एक आई, त्रिमूर्तीनगर, नागपूर

ताई, कोणत्या कॉलेजात दात काढायला चांगलं शिकवतात, ते मला विचारू नका. पण पैशाचं गणित इतकं एकतर्फी आहे की मी हिंगण्याकडेच बोट दाखवीन. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसमधल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. अट एवढीच की प्रवेश कॅपमधून हवा. व्यवस्थापन कोट्याला हा लाभ नाही, आणि खासगी डीम्ड विद्यापीठं तर निर्णयातच वगळली आहेत. म्हणजे तिकडे पूर्ण फी तुमच्या खिशातून, इकडे विकास शुल्क, डबा आणि बसचा पास. कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर बघून घ्या. त्यावर एक रुपयाही जास्त मागितला तर त्याला 1987 च्या कायद्यात कॅपिटेशन फी म्हणतात, मग पावतीवर 'देणगी' लिहा नाहीतर आणखी काही.

आता अडकलेल्या कागदांकडे येऊ. इथे घाई करायची, पण क्रम चुकवायचा नाही. आधी हिंगण्याच्या कॉलेजात जाऊन जात वैधता, नॉन-क्रिमीलेयर आणि डोमिसाइल दाखवा. जात वैधता हातात नसल्यामुळे मिळालेली सीट गेल्याची प्रकरणं मी पाहिली आहेत, तुमची ती पायरी पक्की झाल्याशिवाय डीम्डचा राजीनामा देऊ नका. पक्की झाली की मूळ कागद आणायला त्याच रात्रीची गाडी पकडा, कारण कॅपमध्ये हजर होण्याची शेवटची तारीख कोणासाठी थांबत नाही.

राजीनामा कागदावर लिहून, शिक्का मारून घेतला की झालं, असं समजू नका. तो कॉलेजने एमसीसीच्या पोर्टलवरून ऑनलाइन काढायला हवा. तसा नसेल तर एमसीसी तो रद्दबातल धरते. मग नोंदीत मुलगी डीम्डचीच राहते, आणि एमसीसी ही यादी राज्यांनाही कळवते, त्यामुळे कॅपमध्ये अडचण येऊ शकते. पहिल्या फेरीची सीट ठरलेल्या मुदतीत सोडली तर डीम्डसाठी भरलेली दोन लाखांची अनामत जप्त होत नाही. दुसऱ्या फेरीत हे बदलतं, आणि तिसऱ्या फेरीत प्रवेश घेतला की बाहेर पडायची वाटच नाही. तेव्हा आज डीम्डवाल्यांनी 'पुढच्या फेरीत अपग्रेड करू का' असं विचारलं तर स्पष्ट नाही म्हणा.

मूळ गुणपत्रिका अडवून ठेवण्याचा कोणत्याही कॉलेजला अधिकार नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) ऑक्टोबर 2018 च्या अधिसूचनेनुसार मूळ कागद तपासून परत द्यायचे असतात, आणि ती डीम्ड विद्यापीठांनाही लागू आहे. फी परतीची टप्पेवारीही तिच्यातच आहे: प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या 15 दिवस किंवा त्याहून जास्त आधी सोडलं तर पूर्ण फी परत, फार तर 5 टक्के, तेही 5,000 रुपयांपर्यंत, कापता येतात. जितका उशीर, तितकी कपात मोठी. म्हणून आजच विद्यापीठाच्या निबंधकांना ईमेल करा आणि प्रत यूजीसीला पाठवा. फोनवर बोलून काही उपयोग नाही. उद्या पुरावा लागतो तो तारखेचा.

त्या स्टॅम्पपेपरला फार घाबरू नका. सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये इस्लामिक ॲकॅडमी प्रकरणात सांगितलं की एका वर्षापेक्षा किंवा सत्रापेक्षा जास्त फी आगाऊ घेता येत नाही. मात्र त्याच निकालात, विद्यार्थी मध्येच सोडेल अशी भीती असेल तर कॉलेज हमी मागू शकतं, असंही म्हटलंय. विरुद्ध बाजूचा वकील नेमकं तेच वाचून दाखवील. आपलं उत्तर असं की तुमची मुलगी मध्येच सोडत नाहीये, प्रवेशप्रक्रियेच्या मुदतीत बाहेर पडतेय, आणि ती सीट पुढच्या फेरीत दुसऱ्याला जाणार आहे.

माझी खरी काळजी तीन चेकची आहे. राजीनाम्यासोबतच ते परत मागा, देत नसतील तर बँकेला पेमेंट थांबवायला सांगा. तरी चेक टाकला आणि परत आला, तर बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत ते कलम 138 ची, म्हणजे चेक न वटल्याची, नोटीस पाठवू शकतात. ती मिळाल्यावर तुमच्याकडे 15 दिवस असतील. तेवढ्यात लेखी उत्तर द्या: कोणतंही देणं उरलेलं नाही, चेक केवळ हमी म्हणून दिले होते. नोटीस देव्हाऱ्यामागे ठेवून देणाऱ्या घरांना पुढे समन्स येतं.