आपल्याकडे कबरी नसतात, मग खापरपणजोबांचा माग कसा काढायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबा 1930 च्या सुमारास गिरणीत कामाला मुंबईला आले, गाव 'पाटणकडचं कुठलंतरी', पणजोबांचं नाव ठाऊक आहे, त्यामागचं काहीच नाही. तुमच्या इंग्लंडमधल्या सहकाऱ्याने खेड्यातल्या चर्चच्या आवारात दगडावरचं नाव वाचून चार पिढ्या शोधल्या. आपण तर अस्थीसुद्धा नदीत सोडतो, मग आपल्या हाती काय लागणार?

बरंच लागतं, फक्त ते स्मशानात न सापडता तलाठ्याच्या दप्तरात सापडतं. आपला माणूस गेला की दगड उभा राहत नाही. पण त्याच्या नावावर दहा गुंठे जरी असले तरी सरकारला त्याच्या मरणाची दखल घ्यावीच लागते, कारण उद्यापासून शेतसारा कोणाकडून घ्यायचा हा प्रश्न असतो. म्हणून नावाच्या मागे धावण्याआधी जमीन शोधा. जमीन सापडली की माणसं तिला चिकटून येतात.

पण त्याआधी गाव. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात वाड्यावस्त्या ढीगभर आहेत, आणि 'पाटणकडचे' म्हणजे कधीकधी जावळीचे किंवा कराडचेही असू शकतात. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईपाशी बसा. आत्या, चुलत आजी, कोणीही. गावाचं नाव विचारलंत तर 'आठवत नाही' म्हणेल. त्यापेक्षा जत्रा कोणत्या देवाची, कुठल्या महिन्यात, पालखीचा मान कोणाचा, लग्नात देवक कोणतं, बाळंतपणाला कुठे न्यायचे, एसटीतून कुठे उतरून चालायचं, हे विचारा. यातून गाव निघतं. दुसरा रस्ता लालबाग-परळचा. तिथल्या गावकीच्या खोल्या आणि मुंबईतली ग्रामस्थ मंडळं गावागावांची होती, काही अजून आहेत. जुन्या वर्गणीच्या वह्यांत आजोबांचं नाव असेल तर गाव पक्कं झालं. गिरणीचे कागद घरात असले तर तेही काढा. गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीसाठी कोणीतरी चुलत्याने फाइल केलेली असते, आणि तिच्यात आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त कागद निघतात.

कोयनाकाठच्या लोकांची एक अडचण वेगळी आहे. धरण झालं आणि कितीतरी गावं शिवसागराच्या पाण्याखाली गेली, माणसं रायगड, ठाणे, सांगली, सोलापूरकडे वसवली गेली. तुमचं गाव त्यातलं निघालं तर तिथे जाऊन उभं राहायला जागा नसेल, पण कागद आहे. पुनर्वसनाच्या याद्यांत जुनं गाव, खातेदार आणि गेलेली जमीन लिहिलेली असते, आणि पुनर्वसित वस्तीतले म्हातारे जुन्या गावाचा नकाशा तोंडपाठ सांगतात.

गाव मिळालं की सातबारा. आजचा उतारा ऑनलाइन निघतो, पण आपल्याला त्यातले फक्त फेरफार क्रमांक हवेत, ते वर्तुळात लिहिलेले आकडे. तेच पकडून मागे जायचं. फेरफार म्हणजे गाव नमुना 6, जमीन एका नावावरून दुसऱ्यावर का गेली याची नोंद. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा 1903 चा, त्यामुळे बहुतेक गावांत फेरफारांची मालिका विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मिळते. वारसाचा फेरफार वाचताना अंगावर काटा येतो. 'खातेदार अमुक बिन तमुक हे अमुक तारखेस मयत. वारस मुलगे तीन, विधवा एक.' 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा. बस, दीड ओळीत एक अख्खं घर. मुली बहुधा गायब. विधवेच्या नावापुढे 'कोम' किंवा 'भ्र.' दिसेल, म्हणजे अमक्याची बायको. आडनाव नसलं तर घाबरू नका, जुन्या नोंदींत ते बऱ्याचदा नसतंच.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण गिरणीवाल्यांच्या घरांत ती हमखास आडवी येते. उताऱ्यावर तुमच्या आजोबांचं नाव नसण्याचीच शक्यता जास्त. एकत्र कुटुंबात थोरल्याचं नाव लागायचं आणि त्यापुढे 'ए. कु. मॅ.' लिहायचे, एकत्र कुटुंब मॅनेजर. धाकटा मुंबईला गेलेला असायचा. माझ्या आजोबांच्या भावाचं नाव असं पन्नासेक वर्षं एकटंच उताऱ्यावर होतं, आजोबांचा मागमूस नाही, आणि आमच्या घरात 'आपल्याला गावाला काही नव्हतंच' असं खुशाल सांगितलं जायचं. ते भाऊ वारले तेव्हाच्या फेरफारात मात्र दोन्ही शाखा पुढे आल्या. त्यामुळे पणजोबांच्या नावाने शोधा, आजोबांच्या भावांच्या नावाने शोधा. 'अ. पा. क.' दिसलं तर तो अज्ञान मुलगा आणि त्याचा पालनकर्ता. तेव्हा तो मुलगा लहान होता, एवढ्यावरून जन्माचा अंदाज बांधता येतो. आणि 1948 च्या कूळकायद्यानंतरच्या नोंदींत आपला माणूस मालक म्हणून नसेल तर कूळ, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा, म्हणून आहे का, हेही बघा.

दुसरा अडथळा नंबरांचा. एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, त्यामुळे आजच्या गट नंबरावरून 1920 चं काही सापडत नाही. जुना-नवा मेळ घालणारा उतारा भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो, तो आधी घ्या. जुने फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. साधा नक्कल अर्ज, त्यावर कोर्ट फी तिकीट. काही जिल्ह्यांचे जुने कागद स्कॅन होऊन सरकारच्या 'आपले अभिलेख' संकेतस्थळावर आले आहेत, तिथे आधी पाहा, खेप वाचेल. अभिलेख कक्षात जाताना गाव, सर्व्हे नंबर आणि अंदाजे साल चिठ्ठीवर लिहून न्या. 'आमच्या पूर्वजांचं काही आहे का' असं विचारलंत तर कारकून चहाला निघून जाईल, आणि त्याचं चुकतंय असंही नाही.

जमीन नसलेल्यांचं काय? 'आम्हाला जमीनच नव्हती' म्हणणाऱ्या कितीतरी घरांना वतन होतं, म्हणजे गावच्या चाकरीबद्दल पिढीजात मिळणारी जमीन किंवा हक्क. महार वतन असो, न्हावी-सुतार-गुरवाचं इनाम असो, त्याची हिस्सेवार नोंद असायची, कारण चाकरीची पाळी कोणत्या तक्षिमेकडे, म्हणजे कोणत्या वाटेकरी शाखेकडे, हे ठरवायला वंशावळ लागायची. गावकामगारांची कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा 1958 चा, त्याच्या आधीचे आणि नंतरचे कागद पाहा. पाटील-कुलकर्ण्यांच्या वतनांचे कागद तर त्याहून मागे जातात. इंग्रजांनी 1852 च्या कायद्याने इनाम कमिशन बसवलं तेव्हा लोकांनी हक्क शाबीत करायला कैफियती आणि वंशावळी दिल्या, आणि त्यातलं बरंच पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराच्या शेजारी रुमालांत बांधलेलं आहे. एक लक्षात असू द्या, ही वंशावळ हक्क सांगण्यासाठी दिलेली असते. दावा हरलेल्या चुलतभावाची शाखा तिच्यातून अलगद गळालेली असू शकते.

जन्ममृत्यूची नोंदवही हा सगळ्यांसाठी खुला दरवाजा, जमीन असो वा नसो. जुना गाव नमुना 14, विदर्भात कोतवाल बुक म्हणतात. (आजचा नमुना 14 पाणीपुरवठ्याच्या साधनांचा, त्यामुळे कार्यालयात 'जुना' हा शब्द ठासून सांगा.) मराठा-कुणबी नोंदींच्या शोधात 2023 पासून हीच बाडं तालुक्यातालुक्यांत बाहेर काढली गेली, त्यामुळे पूर्वी 'सापडत नाही' म्हणून परत पाठवलेल्यांनी आता पुन्हा विचारून बघावं. जन्माच्या नोंदीत बापाचं नाव आणि जात असते, बाळाचं नाव बहुतेकदा नसतंच, कारण बारसं व्हायचं असतं. नुसतं 'मुलगा'. मृत्यूच्या नोंदीत कारण असतं: ताप, पटकी (कॉलरा), देवी. 1918 च्या शेवटच्या महिन्यांची पानं एकदा उघडाच. आमच्याकडच्या म्हाताऱ्या जिला मानमोडी म्हणायच्या त्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत एकाच घरातली तीन-तीन नावं आठवड्याभरात येतात. घरातली एखादी शाखा अचानक का संपली, याचं उत्तर तिथे मिळतं.

शाळेचं जनरल रजिस्टर बघायला हरकत नाही, पण जन्मतारखेवर विश्वास ठेवू नका. मास्तरांच्या कृपेने अर्ध्या महाराष्ट्राचा जन्म 1 जूनचा आहे.

गफलत सगळ्यात जास्त होते ती नावांच्या फेऱ्यात. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपली रीत, त्यामुळे राणू बिन तुकाराम, तुकाराम बिन राणू, पुन्हा राणू बिन तुकाराम. दोन राणूंमध्ये पन्नास वर्षांचं अंतर असतं आणि आपण दोघांना एकच धरून मोकळे होतो. उपाय एकच: प्रत्येक पिढीला दोन वेगळ्या प्रकारचे कागद हवेत, आणि भावांची नावंही जुळायला हवीत. एकटं नाव पुरावा नाही, भावंडांचा संच पुरावा आहे. जुन्या कागदावरून इसवी साल काढायचं तर शकात 78 मिळवा, आणि जुन्या दप्तरांतल्या दुसऱ्या दोन कालगणनांपैकी आपल्याकडच्या फसलीत 590, सुहूर सनात 599. फसली आणि सुहूर मृगाच्या आसपास सुरू होतात, त्यामुळे इसवी सनाचं एक वर्ष इकडेतिकडे होतं.

कागदांबाहेर दोन वह्या आहेत. एक तीर्थोपाध्यांची: नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया. आडनाव आणि गाव सांगितलं की तुमचे उपाध्ये कोण ते तिथलेच लोक दाखवतात. त्यांच्या नामावळीत तुमचा पूर्वज स्वतः येऊन नावं लिहवून गेलेला असतो, कधी बायकांच्या नावांसकट, जी सरकारी कागदात नसतात. सिंहस्थाच्या किंवा पितृपक्षाच्या गर्दीत जाऊ नका, वही नीट बघू देण्याइतका वेळ कोणालाच नसतो. दक्षिणा द्या, फोटोची परवानगी मागा, मिळाली नाही तर हाताने उतरवून घ्या. दुसरी वही हेळव्यांची. सातारा, सांगली, कोल्हापूर पट्ट्यात सुगी झाली की कर्नाटकाकडून हेळवी येतात आणि घराण्याची वंशावळ वाचून दाखवतात, नव्या जन्मांची भर घालून धान्य-पैसा घेऊन पुढे जातात. दरवर्षी येत नाहीत. गावातल्या भावकीला विचारा, शेवटचे कधी आले होते आणि त्यांचा नंबर कोणाकडे आहे. आता ते मोबाइल ठेवतात. त्यांच्या वहीत मूळ गाव कोणतं आणि तिथून का उठलो याची कहाणी असते. शेवटच्या चार-पाच पिढ्या बहुधा चोख निघतात, त्यापलीकडे कवित्व सुरू होतं.

आता तुमच्या दगडांकडे. गावाच्या वेशीवर वीरगळ दिसेल: खाली लढाई, मध्ये अप्सरा, वर शंकराची पूजा. सतीशिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात. बहुतेकांवर नाव नसतं, आणि कितीतरी तर आपल्या ज्ञात पिढ्यांहून शतकांनी जुने आहेत. भावकी शेंदूर लावते म्हणून तो आपलाच मूळपुरुष, असं धरू नका. शेताच्या बांधावरची समाधी, वृंदावन किंवा नुसता पादुका कोरलेला चौथरा मात्र कामाचा. तिथे नाव नसलं तरी नैवेद्य कोणकोणत्या घरातून येतो ते विचारा. तीच तुमची भावकी, आणि कोणती शाखा थोरली हेही त्या मानावरून कळतं. देवघरातल्या टाकांतही, म्हणजे धातूच्या पत्र्यावर उठवलेल्या प्रतिमांतही, काही घरांत देवांबरोबर एखादा पूर्वज असतो. पुरणाऱ्या समाजांची गोष्ट निराळी. लिंगायत, गोसावी, नाथपंथी यांच्या समाध्या, वसईच्या ख्रिस्ती घरांच्या बाप्तिस्म्याच्या वह्या, अलिबागकडच्या बेने इस्रायलांच्या कबरींवरचे हिब्रू-मराठी लेख, हे सगळं तुमच्या इंग्रज सहकाऱ्याच्या पद्धतीने वाचता येतं.

पैसे घेऊन 'सूर्यवंशापर्यंत' वंशावळ करून देणारे भेटतील. त्यांच्याकडून लॅमिनेट केलेला कागद मिळतो, दुसरं काही नाही. साध्या शेतकरी घराला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जाता येतं. सातारचं राज्य 1848 मध्ये खालसा झालं, मग मोजणी आणि खातेदारांच्या याद्या आल्या, त्या याद्यांत तुमचा माणूस सापडणं हे चांगलं यश आहे. वतनदार घरं याच्या मागे जातात.

राहिली मोडी, मराठीची जुनी लपेटीची लिपी. स्वातंत्र्याच्या आसपासपर्यंतचे बरेच कागद मोडीत आहेत. आधी ओळभर शिरोरेघ ओढून मग लेखणी न उचलता लिहिलेलं, दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्वदीर्घ नाही. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेत आलं आहे, इतर शहरांतही होतात. जाणकार वाचक पानामागे पैसे घेतात आणि ते घ्यावेतच, पण सगळं बाड त्यांच्यापुढे टाकू नका. तुम्ही स्वतः फक्त 'बिन', 'कोम', 'मयत', 'वारस', 'मौजे' हे पाच शब्द, दहा आकडे आणि आपल्या पणजोबांचं नाव मोडीत ओळखायला शिका. त्यावर पानं चाळून ज्या पानांवर ते दिसेल तेवढ्यांचेच फोटो वाचकाकडे पाठवा. फोटो काढताना पान क्रमांक आणि बाडावरची चिठ्ठी फ्रेममध्ये येऊ द्या, नाहीतर तीच नक्कल प्रमाणित करून घ्यायला गेलात की पुन्हा पहिल्या पानापासून शोधावं लागेल.