काश्मीरहून आणलेलं फ्रिटिलारियाचं बी मुंबईत लावलं तर कांदे तयार होतील का?

तुम्ही लिहिलंय की जुलैत श्रीनगरला एका घरच्या बागेतून क्राउन इम्पीरियलची, म्हणजे फ्रिटिलारिया इम्पीरियालिस या थंडीतल्या फुलझाडाची, वाळलेली दोन बोंडं मिळाली आणि आता अंधेरीच्या बाल्कनीत त्या बियांपासून कांदे, म्हणजे झाडाचे जमिनीतले कंद (बल्ब), करायचे आहेत. थेट सांगते. बी रुजेल, इवलासा कांदाही धरेल. पण तो कांदा मुंबईत पोसला जाणार नाही, आणि फुलाची आशा इथे धरू नका. म्हणून सगळं बी इथे संपवू नका. थोडं स्वतः रुजवून बघा, बाकीचं थंडीच्या गावी पोचवा.

आधी बी नीट पाहून घ्या. बोंडाच्या आत तीन कप्पे असतात आणि त्यांत चपट्या, तपकिरी बिया एकावर एक रचलेल्या असतात, पोथीची पानं रचावीत तशा. एकेक बी खिडकीतल्या उजेडासमोर धरा. मधोमध गडद रेघ दिसली तर आत गर्भ आहे. नुसताच पातळ पापुद्रा दिसला तर ते फोल, टाकून द्या. हे निवडणं कंटाळवाणं वाटेल, पण मला त्यातच सगळ्यात जास्त आनंद मिळतो. या झाडाचं फूल खाली मान घालून लोंबतं, पाकळ्यांच्या मुळाशी मधाचे टपोरे थेंब धरून असतं, आणि फळ धरलं की तोच देठ वळून बोंड आभाळाकडे उभं करतो. हातात बी घेऊन हे आठवलं की निवडायचा उत्साह टिकतो.

आत्ता पावसाळ्यात कुंडीत काही टाकू नका, कुजेल. कागदी पाकिटात घालून, घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये ठेवा. ऑक्टोबर उजाडला की कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भिजवून मुठीत घट्ट पिळा, पाण्याचा थेंब गळता कामा नये. त्यात बी मिसळून झिपलॉकच्या पिशवीत भरा आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, साधारण ४-५ अंशांवर, तीन-चार महिने राहू द्या. फ्रीझरमध्ये नाही. सफरचंदं, केळी त्या कप्प्यात नकोत, पिकणाऱ्या फळांच्या वायूने कोवळ्या कांद्याचं नुकसान होतं. आठवड्याला एकदा पिशवी उघडून बुरशी आलीय का बघा, आलेलं बी लगेच काढा. या बियांचा गर्भ थंडीतच वाढतो, त्यामुळे मोडही फ्रिजमध्येच येतात. पांढरं मूळ दिसलं की उथळ कुंडीत, निम्मी जाड वाळू घातलेल्या मातीत, अर्धा-पाऊण सेंटिमीटर खाली लावा. पहिल्या वर्षी वर येतं ते एकच सरळ पान. ते गवतच वाटतं, तेव्हा घरात सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर कुणीतरी तण म्हणून उपटेल.

आता खरी अडचण. लोकांना वाटतं की मुंबईत थंडी नाही म्हणून बी रुजत नाही. रुजवायला फ्रिज पुरतो. अडतं ते पुढे. कांदा फुगतो तो पानाच्या जिवावर, आणि हे पान काश्मीरच्या वसंतात, गार रात्री आणि कोवळ्या उन्हात, कित्येक आठवडे हिरवं राहतं. आपल्याकडे जानेवारीतही रात्री १६-१७ अंश आणि दुपारी तिशीच्या घरात. मार्च लागला की पान पिवळं. एवढ्याशा मुदतीत तांदळाच्या दाण्याएवढा कांदा जेमतेम तग धरतो, पुढच्या वर्षी आणखी बारीक होतो. त्यात जून ते सप्टेंबर. मूळच्या मुलखात हा कांदा उन्हाळाभर कोरड्या मातीत झोपतो. आपल्याकडे नेमका त्याच्या झोपेच्या काळात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि या कांद्याला आपल्या स्वयंपाकघरातल्या कांद्यासारखं कोरडं सालही नसतं. छपराखाली, कोरड्या वाळूत ठेवून पावसाळा निभावता येतो. पण चांगल्या हवेतसुद्धा बियापासून फुलापर्यंत पाच-सहा वर्षं, कधी जास्तच लागतात. एवढी वर्षं दरसाल फ्रिज आणि वाळू करत त्या जिवाला ताटकळत ठेवावं असं मला वाटत नाही.

म्हणून उरलेलं बी मनाली, उत्तराखंडचा वरचा भाग, कुठेही ओळखीचं कोणी असेल तर पाठवा, किंवा ज्यांनी दिलं त्यांनाच परत द्या आणि बागेत पेरायला सांगा. तिथे शरदात उघड्यावर पेरलं की पुढचं बर्फच करतं. हे मी मनापासून सांगतेय, कारण फ्रिटिलारियाच्या हिमालयातल्या भावंडांचे कांदे, फ्रिटिलारिया सिऱ्होसा आणि रॉयलीचे, औषधासाठी वर्षानुवर्षं डोंगरातून खणून नेले जातायत. खणलेला कांदा भरून यायला बियापासून तितकीच वर्षं लागतात. ज्याला बी पेरून कांदा करता येतो असा प्रत्येक माणूस या झाडांना हवा आहे.

आणि तुम्हाला स्वतःच्या बाल्कनीत बियापासून फुलापर्यंत जायचंच असेल तर आपल्या पावसाचं झाड घ्या: कळलावी. कोकणात तिला गौरीचे हात म्हणतात. तिचं नारिंगी बी मे अखेरीस रात्रभर भिजवून पेरा. काही बिया पंधरा-वीस दिवसांत वर येतील, काही महिने घेतील, कुंडी रिकामी करू नका. पहिल्या वर्षी बारकासा कोंब आणि लहानसा कंद. हिवाळ्यात वेल वाळला की पाणी बंद, कुंडी पुढच्या मेपर्यंत कोरडी. तिसऱ्या-चौथ्या पावसात फूल येतं, पिवळं उमलून लालबुंद होत जाणारं. बी नर्सरीतून किंवा लावणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून घ्या. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती उगवते, पण तिथून काही आणायचं नाही, तो गुन्हा आहे. एवढी वाट पाहायची नसेल तर पिवळ्या रेन लिलीचं काळं, चपटं बी ताजं असतानाच पेरा, ते आठ-पंधरा दिवसांत रुजतं आणि वर्ष-दोन वर्षांत फुलतं.

कळलावीचा कंद, बी, पान, सगळंच जहाल विषारी आहे, त्यातल्या कोल्चिसिनने माणूस दगावतो. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर कळलावी नको, रेन लिलीही त्यांच्या हाताला-तोंडाला लागणार नाही अशी उंच ठेवा. कंद हाताळताना हातमोजे घाला आणि तो स्वयंपाकघरात कधीच ठेवू नका, आल्याच्या तुकड्याशी गल्लत होऊ शकते.