आरटीआयला ‘प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती’ असं उत्तर आलं असेल तर

तुमची पोस्ट वाचून हसू आलं, राग मानू नका. स्वायत्त, म्हणजे विद्यापीठाशी संलग्न राहूनही स्वतःचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या महाविद्यालयांवर तुमची पीएचडी, विद्यापीठाच्या संलग्नता विभागाकडे माहिती अधिकारात अर्ज, आणि उत्तर काय तर ‘सदर माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही’. अगदी हेच वाक्य असलेला कागद माझ्याही फायलीत आहे.

स्वायत्ततेबद्दल कोठारी आयोग, १९८६ चं शिक्षण धोरण, महाराष्ट्राचा २०१६ चा विद्यापीठ कायदा हे तुमचं वाचून झालेलंच असणार, त्यात शिरत नाही. अर्जाबद्दलच बोलते, कारण माझ्या पीएचडीचे अकरा महिने तिथेच गेले.

मी अर्जात सात प्रश्न विचारले होते, त्यातले पाच ‘का’चे. अमक्या कॉलेजला स्वायत्तता मिळून दोन वर्षं झाली, तरी नवा अभ्यासक्रम का लागू झाला नाही? प्रबंधासाठी प्रश्न चांगला होता, अर्जासाठी कुचकामी. कायद्याने आपल्याला मिळते ती कार्यालयात कागदावर असलेली माहिती. ‘का’चं उत्तर देणं हे जनमाहिती अधिकाऱ्याचं कामच नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्येच सांगितलं होतं. मला हे कळलं पहिल्या अपिलाच्या सुनावणीत. त्यातही अपील ऐकणारे साहेब त्याच मजल्यावर बसणारे! ‘मॅडम, तुम्हाला हे कशाला हवंय?’ हे मला तिथे तीनदा विचारलं गेलं. अर्जदाराला कारण विचारता येत नाही, माहिती अधिकार कायद्यात तसं कलम ६(२) आहे, पण तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. गाइडही म्हणाले, राहू दे, प्राचार्यांच्या मुलाखती घे. मुलाखती घेतल्या. सगळे गोड बोलले, प्रबंधात घालण्यासारखं एक वाक्य हाती लागलं नाही.

मग एका निवृत्त अधीक्षकांनी सांगितलं, प्रश्न विचारू नकोस, नस्ती (म्हणजे कार्यालयातली फाइल) बघायला माग. दुसरा अर्ज चार ओळींचा केला: अमक्या महाविद्यालयाच्या स्वायत्ततेसंबंधीची नस्ती टिप्पणीसह, आणि अमक्या कालावधीचं आवक-जावक रजिस्टर, प्रत्यक्ष पाहण्यासाठी. (महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, हे विसरू नका. माझा पहिला अर्ज तिथेही नापास होता.)

आणि नस्तीत माझ्या ‘का’चं उत्तर होतं. स्वायत्त कॉलेजच्या प्रत्येक अभ्यास मंडळावर (विषयाचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीवर) कुलगुरूंनी नेमलेला एक तज्ज्ञ लागतो. प्राचार्य सहा नावं पाठवतात, त्यांतून एक निवडायचं असतं. ही सहा नावं विद्यापीठात पोचल्याची तारीख आवक रजिस्टरला होती. नेमणुकीचं पत्र निघालं सात महिन्यांनी. मधल्या काळात स्मरणपत्रं, ‘चर्चा करावी’ असा शेरा आणि पुन्हा शांतता. तज्ज्ञाची नेमणूक नाही म्हणून मंडळाची बैठक नाही, म्हणून अभ्यासक्रम नाही. धोरणाला कुणाचाच विरोध नव्हता, पत्र टेबलावर पडून होतं. माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण म्हणजे निव्वळ अशा तारखांचा तक्ता आहे, आणि तोंडी परीक्षेत सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच आले. म्हणून माझं ठाम मत आहे की कॉलेज सुधारणांवर काम करणाऱ्याने मुलाखती शेवटी घ्याव्यात. आधी तारखा हातात असल्या की प्राचार्यही मोकळे होतात. पटणार नाही अनेकांना, गुणात्मक संशोधनवाले तर भांडतीलच.

मी वकील नाही आणि अनुभव एकाच विद्यापीठाचा आहे, तेवढं धरून चाला. ‘नस्ती सापडत नाही’ असं उत्तर आलं तर मात्र गप्प बसू नका. उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील टाका आणि अभिलेख नष्ट केला असेल तर त्याचा आदेश मागा.

विषय थोडा सोडून एक. तुम्ही तक्त्यात सकल नोंदणी प्रमाण (१८ ते २३ वयोगटातल्या दर शंभर लोकांमागे उच्च शिक्षणात असलेले विद्यार्थी) २०१९-२० चं २७.१ आणि २०२०-२१ चं २७.३ असं सलग लावलंय. तसं करू नका. पहिला आकडा २००१ च्या जनगणनेवर आधारित लोकसंख्येचा आहे, दुसरा २०११ च्या. नव्या हिशेबाने २०१९-२० चं प्रमाण २५.६ येतं. म्हणजे तुमच्या तक्त्यात जवळजवळ थांबलेली दिसणारी वाढ प्रत्यक्षात १.७ टक्के बिंदूंची आहे, आणि तुमचा ‘वाढ खुंटली’ हा परिच्छेद त्यावरच उभा आहे. बहिःस्थ परीक्षकाने हे पकडलं तर पुढचं कुणी ऐकून घेत नाही.

नवा अर्ज लिहिलात की कॉलेजचं नाव खोडून इथे टाका. ‘का’ राहिला असेल तर दाखवते.