मोठ्या बटणावरून मिडी सूर कसा वाजवायचा?
मुलीला एकच मोठं बटण दाबता येतं, त्यावर लॅपटॉपमधला सूर वाजेल का, असं तुम्ही विचारलंय. नक्की वाजेल, मिडीने, म्हणजे वाद्य आणि संगणक यांच्यात सुरांचे संदेश पाठवायच्या पद्धतीने. अशा बटणांना बहुधा ३.५ मिमीची मोनो पिन असते. दाबलं की दोन तारा जुळतात, एवढंच. आर्डुइनो लिओनार्डो हा कोड घालता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड घ्या, त्याच कंपनीचा ऊनो नको. मिडीयूएसबी लायब्ररी (तयार कोडचा संच) घातली की लिओनार्डोला संगणक थेट मिडी वाद्य म्हणून ओळखतो. बटणाची पिन ज्यात बसते त्या जॅकची एक तार बोर्डच्या पिन २ ला, दुसरी ग्राउंडला. कोडमध्ये इनपुट-पुलअप (पिन एरवी 'हाय' धरून ठेवणारी सोय) ठेवा, म्हणजे वेगळा रेझिस्टर लागत नाही. मात्र दाबल्यावर पिन 'लो' वाचते.

खरी मेख पुढे आहे. संपर्क जुळताना क्षणभर थरथरतो आणि एका दाबाचे तीन-चार सूर वाजतात. म्हणून पहिला बदल दिसला की पुढचे २० मिलिसेकंद दुर्लक्ष करा. हात थरथरत असेल तर १०० पर्यंत वाढवा. दाबल्यावर नोट-ऑन (सूर सुरू), सोडल्यावर नोट-ऑफ (सूर बंद) पाठवा आणि दर वेळी फ्लश करा, म्हणजे संदेश लगेच जातो. नोट-ऑफ पाठवायचा राहिला तर सूर अडकून बसतो.

नोट ६० (मधला सी) पासून सुरुवात करा. आवाज बासरीचा निवडा, पियानोचा नको: पियानोचा सूर आपोआप विरतो, बासरीचा ती बटण सोडेपर्यंत चालतो. सूर कधी थांबवायचा हे तिच्या हातात असू द्या.