मैत्रिणीने दारात पोलीस पाठवले

ताई,
मी २८ वर्षांची. मूळची कराडची, नोकरी ऐरोलीला, घणसोलीत दोघींबरोबर भाड्याने राहते. गेल्या महिन्यात ऑफिसचं आणि घरी लग्नाचं असं सगळं एकदम अंगावर आलं. एका रात्री कासारवडवलीच्या मैत्रिणीला ‘आता बास झालं. तुला खूप त्रास दिला, सॉरी’ असा मेसेज टाकला, फोन बंद केला आणि झोपले. तसं काही करणार नव्हते. रात्री दीडला बेल वाजली. दारात दोन पोलीस, मागे वॉचमन, समोरच्या काकू दार अर्धं उघडून बघतायत. रूममेट्सपैकी एक गावी, दुसरी नाइट शिफ्टला. मोठे हवालदार म्हणाले, ‘शिकलेल्या मुली तुम्ही, आईवडिलांचा तरी विचार करायचा.’ दुसऱ्याने माझा फोटो काढला, ‘वर पाठवावा लागतो’ म्हणे. मी गाऊनवर, केस विस्कटलेले. सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर चर्चा, संध्याकाळी घरमालकांचा फोन, ‘महिन्याभरात दुसरीकडे बघा.’ त्याच्या आधी एकदा हेल्पलाइनला फोन केला होता. बराच वेळ नुसतं म्युझिक, मग एका बाईंनी ‘आत्ता कुठे आहात’ विचारलं तेव्हा घाबरून कट केला. माझ्यावर केस होईल का? पासपोर्टला अडचण येईल? मैत्रिणीशी बोलणं बंद केलंय. यापुढे कुणाला काही सांगायचंच नाही, असं ठरवलंय. कधी कधी वाटतं, सकाळी जागच येऊ नये.
— एक वाचक, घणसोली

अगं,
तुझ्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते, बाकीचं थोडं थांबेल. वर लिहिलंस ‘तसं काही करणार नव्हते’ आणि खाली लिहिलंस जागच येऊ नये असं वाटतं. दोन्ही खरं असू शकतं, एकाच रात्रीत दोन्ही खरं असू शकतं. म्हणून आडवळणाने न जाता विचारते, जीव द्यावा असे विचार अजून येतात का? असं विचारलं की नसलेले विचार डोक्यात शिरतात असा आपल्याकडे समज आहे, तो चुकीचा आहे. आज येत असतील तर हे वाचणं बाजूला ठेव. रूममेटला खोलीत बसायला बोलव, १४४१६ ही मानसिक आधाराची हेल्पलाइन लाव, आणि हाताबाहेर जातंय असं वाटलं तर ११२ (पोलीस) किंवा १०८ (रुग्णवाहिका) तू स्वतः लाव. त्या रात्री घरातल्या एखाद्या वस्तूकडे मन गेलं असेल, तर ती वस्तू आजच दुसऱ्या कुणाच्या ताब्यात दे.

आता केसचं. एक मेसेज पाठवून झोपणं हा कुठल्याच कायद्यात गुन्हा नव्हता आणि नाही. त्यापुढचंही सांगून ठेवते, कारण ही भीती फार जणींना गप्प बसवते. आत्महत्येचा प्रयत्न हा जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली गुन्हा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने त्यातली हवा काढली. असा माणूस प्रचंड ताणाखाली होता असं धरून चालायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही, असं त्याचं कलम ११५ सांगतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ३०९ सारखं कलमच नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम २२६ मध्ये उरलाय, त्याचा तुझ्याशी काही संबंध नाही. पोलिसांकडे त्या रात्रीची नोंद असेल, पण नोंद म्हणजे गुन्हा नव्हे. पासपोर्टच्या पडताळणीत गुन्हे आणि चालू खटले बघतात.

मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १०० पोलिसांसाठी आहे. मानसिक आजारामुळे एखाद्याच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर पोलीस त्याला आपल्या संरक्षणात घेऊ शकतात. पण का घेतोय ते त्याला सांगायचं, २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं, आणि लॉकअपमध्ये कुठल्याही परिस्थितीत ठेवायचं नाही. तुझ्याबाबतीत तर ते बघून, बोलून परत गेले. ११२ चा कॉल आला की जाऊन काय आढळलं ते कळवावं लागतं, एवढं हवालदारांचं खरं. पण तुला न विचारता, गाऊनवर, वॉचमनच्या देखत फोटो काढणं मला अजिबात पटलेलं नाही. ‘आत येऊन बोलू का?’ म्हणून दार लोटून घेतलं असतं, तर अर्धी बदनामी तिथेच टळली असती. आणि ते आईवडिलांचं वाक्य! ज्या मुलीला आपण सगळ्यांना ओझं झालोय असं वाटतंय, तिला अजून एक ओझं दाखवायचं. त्यांच्या मनात वाईट नसेलही, पण बोलायला नको होतं. त्या फोटोबद्दल पोलीस आयुक्तालयात लेखी तक्रार करायची असेल तर जरूर कर. नको वाटत असेल तर तेही ठीक.

तुझा राग इथपर्यंत शंभर टक्के रास्त आहे. तो मैत्रिणीवर वळतो तिथे मी तुला अडवणार.

तिच्या बाजूने बघ. मध्यरात्र, हातात ‘आता बास, सॉरी’ असा मेसेज, तुझा फोन स्विच ऑफ, ट्रान्स-हार्बरच्या लोकल बंद. कासारवडवलीहून रिक्षा मिळाली तरी कळव्यावरून घणसोली गाठेपर्यंत काय झालं असतं, ह्याच विचाराने ती वेडी झाली असेल. रूममेट्सचा नंबर तिच्याकडे आहे का? पत्रात तसं काही दिसत नाही. मग तिने काय करायचं होतं? रात्री दीड वाजता तुझ्या दारात येऊन तू ठीक आहेस का ते बघेल अशी दुसरी यंत्रणा आपल्याकडे नाहीच. जानेवारी २०२१ मध्ये फेसबुकच्या आयर्लंडमधल्या ऑफिसातून मुंबईच्या सायबर पोलिसांना फोन आला, तिथून धुळ्याला, आणि धुळ्यातला एक तरुण वाचला. खाकीचा हात एवढा लांब पोचतो, म्हणून लोक तोच नंबर फिरवतात. अमेरिकेत डेन्व्हर शहराने २०२० पासून अशा काही कॉलवर पोलिसांऐवजी समुपदेशक आणि पॅरामेडिक यांची गाडी पाठवायला सुरुवात केली. ठाण्यात, नव्या मुंबईत तसं काही सुरू झालं तर मी पहिली टाळी वाजवीन. तोवर जे आहे ते ११२ आहे.

म्हणून मी म्हणते, पुढच्या वेळी दारात कोण यावं हे तू ठरव, आणि डोकं शांत आहे तेव्हा ठरव. ‘कुणाला काही सांगायचंच नाही’ हा तुझा निर्णय तुला सुरक्षित वाटतोय, पण त्याने निवड तुझ्या हातून जाते. मग येतो तो परका माणूसच. मैत्रिणीला दोन्ही रूममेट्सचे नंबर दे. घणसोलीत किंवा कोपरखैरण्यात राहणारी ऑफिसातली एक विश्वासाची कलीग निवड, तिला आधी विचारून. तू अर्धा तास फोन उचलला नाहीस तर मैत्रिणीने आधी ह्यांना लावायचं, कोणीच पोचू शकत नसेल तर ११२. आणि ११२ ला बोलताना तिने स्पष्ट सांगायचं, ‘ती एकटी आहे, तिने कुणाला इजा केलेली नाही, महिला पोलीस पाठवा, आवाज न करता जा, मीही निघालेय, माझा नंबर लिहून घ्या.’ प्रत्येक वेळी सगळं ऐकतीलच असं नाही, तरी सांगून ठेवल्याने फरक पडतो. तुझ्याकडून एकच गोष्ट. फोन बंद करायचा असेल तर ‘झोपतेय, सकाळी बोलते’ एवढं टाकायचं. आणि खरंच झोपत नसशील तर खोटं टाकायचं नाही.

हेल्पलाइनवर तुझा विश्वास उडालाय, त्यातलं म्युझिकचं मला समजतं. रडू कोंडलेल्या माणसाला पाच मिनिटं सतार ऐकवणं म्हणजे शिक्षाच. पण त्या बाईंनी ‘कुठे आहात’ विचारलं ते तुला पकडून द्यायला नव्हे. समोरचा माणूस आत्ता धोक्यात आहे का, सोबत कोणी आहे का, हे त्यांना समजून घ्यावं लागतं. पुढच्या वेळी तूच विचार, ‘पत्ता कशाला हवा? तुम्ही कुणाला कळवणार का?’ उत्तर ऐक, मग ठरव. १४४१६ म्हणजे केंद्र सरकारची टेली-मानस, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. एखाद्या समुपदेशकाशी सूर नाही जुळला तर परत लाव, दुसरं कोणी उचलेल. फोनवरून सगळं सुटेल असं मात्र मी म्हणणार नाही. ती रात्र निभावून न्यायची सोय आहे ती.

त्यामुळे ओपीडी. ‘ठाण्याला भरती करू का’ हा विनोद ऐकतच आपण इथे मोठे झालो, पण १९०१ पासून असलेल्या त्या ठाण्याच्या मनोरुग्णालयात रोज साध्या कपड्यातली, नोकरी करणारी माणसं बाह्यरुग्ण विभागात येऊन गोळ्या घेऊन घरी जातात. तिथे नको वाटलं तर नेरूळचं डी. वाय. पाटील किंवा कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, मेडिकल कॉलेजला जोडलेल्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतोच. जाग येऊ नये असं वाटणं, झोपेचं बिघडणं, हे डॉक्टरला ह्याच शब्दांत सांग. तू काय सांगितलंस ते गुप्त ठेवणं हे त्यांच्यावर कायद्याने बंधनकारक आहे, ऑफिसला किंवा कराडला कळत नाही.

सोसायटीच्या ग्रुपवर एक अक्षर लिहू नकोस. काकूंनी विचारलंच तर ‘तब्येत बरी नव्हती, मैत्रीण घाबरली’ आणि लिफ्टचं बटण दाब. घरमालकांना फोनवर हो-नाही काही बोलू नकोस, करारात नोटिशीबद्दल काय लिहिलंय ते आधी बघ आणि मग मेसेजवरच उत्तर दे. खोली बदलावीशी वाटली तर तुझ्या सोयीने बदल, त्यांच्या घाईने नको.

आणि मैत्रिणीला आज एवढंच पाठव, ‘तुझा राग आलाय अजून. शनिवारी डॉक्टरकडे जायचंय, येशील का?’